सुईखालची कातडी

आठवड्यातून तीनदा डायलिसिस आणि दर खेपेला दोन सुया, म्हणजे वर्षाला ३१२ टोचे. ज्यांना दोनदाच जाणं जमतं, त्यांचे २०८. इंजेक्शनच्या सुयांपुढे या सुया भल्यामोठ्या असतात. मिनिटाला साधारण ३०० मिलिलिटर रक्त बाहेर न्यायचं आणि धुऊन परत आणायचं, तर बारीक सुई चालत नाही. दहा वर्षं यंत्रावर काढलेल्या माणसाच्या हातावर तीन हजारांवर टोचे झालेले असतात, तेही बहुतेक कोपराच्या आसपासच्या वीतभर पट्ट्यात. क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, वाढलेलं वजन यांची चौकशी नेमाने होते. त्या वीतभर कातडीची क्वचितच होते, आणि उपचार तर दर खेपेला त्याच दारातून शरीरात शिरतो.

रायगड जिल्ह्याच्या आतल्या भागात, कर्जत आणि खालापूर तालुक्यांत, हा प्रश्न आता नव्याने उभा राहतो आहे. कारण चांगलंच आहे: माणसं डायलिसिसवर जास्त वर्षं जगू लागली. उपचारांचा खर्च उचलणारी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत आधी सुरू झाली, त्यांत रायगड होता. पुढे तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. २०१६-१७च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा झाली. जयप्रकाश नारायण नोव्हेंबर १९७५मध्ये मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डायलिसिसवर गेले आणि ८ ऑक्टोबर १९७९ रोजी त्यांचं निधन होईपर्यंत जवळजवळ चार वर्षं यंत्राच्या आधाराने जगले. तेव्हा त्यांच्या यंत्रासाठी देशभरातून वर्गणी गोळा करावी लागली होती. आज भाताची शेती करणारा किंवा फार्महाऊसवर राखणदारी करणारा माणूसही तोच उपचार वर्षानुवर्षं घेऊ शकतो. पण वर्षानुवर्षं घ्यायचा म्हटलं की कातडीही तितकी वर्षं टिकायला हवी.

डायलिसिसचा इतिहास पाहिला तर यंत्र आधी जमलं आणि अडलं ते शरीरात शिरण्याच्या वाटेपाशी. नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी १९४३ साली पहिलं यंत्र चालवलं. त्यांची एक सुरुवातीची रुग्ण २९ वर्षांची घरकामगार तरुणी होती. बारा वेळा तिचं रक्त शुद्ध करता आलं. पण दर वेळी नवी रक्तवाहिनी कापावी लागे, शेवटी वापरण्याजोगी रक्तवाहिनीच उरली नाही आणि ती गेली. १९६० साली सिएटलमध्ये बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची नळी हातात कायमची बसवली. क्लाइड शील्ड्स हे त्यांचे पहिले रुग्ण त्यानंतर अकरा वर्षं जगले. नळी मात्र कातडीतून बाहेर येत असे आणि त्या छिद्रापाशी पू, रक्तस्राव, गुठळ्या यांचा त्रास पाठ सोडत नसे. १९६६मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, सिमिनो आणि शल्यविशारद अपेल यांनी मनगटाजवळची धमनी आणि शीर कातडीखालीच एकमेकींना जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तोच आजचा फिस्टुला. धमनीच्या जोराने शीर फुगते, तिच्यावर बोट ठेवलं की थरथर लागते. बाहेर काहीही लोंबत नाही, वरून शाबूत कातडीचं पांघरूण राहतं. अर्थात ते पांघरूण शाबूत असेल तोवरच.

आणि मूत्रपिंड निकामी झाल्यावर ते शाबूत राहणं कठीण होतं. घामाच्या ग्रंथी आक्रसतात, तेलकटपणा देणाऱ्या ग्रंथी मंदावतात, वरच्या थरातलं पाणी कमी होतं. एप्रिल-मेच्या उकाड्यात शेजारचा माणूस घामाने निथळत असतो आणि डायलिसिसवरच्या माणसाला घाम जेमतेम येतो. कातडी राखाडी होते, उलते, तिचे पापुद्रे निघतात. उन्हात उघडा राहणारा भाग काळवंडतो. रक्तातल्या प्लेटलेट मोजणीत पुरेशा दिसल्या तरी कामाला कमी पडतात. त्यात यंत्रावर रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिलेलं असतं. त्यामुळे दाराच्या कडीचा निसटता मार बसला तरी काळानिळा डाग उठतो. वय, मधुमेह आणि आधी घेतलेले स्टिरॉइड यांची त्यात भर पडते.

सगळ्यात हैराण करते ती खाज. ती बहुतेक रात्री चढते, पाठीवर आणि हातांवर जास्त, आणि वर पुरळ काहीच नसतं. घरच्यांना वाटतं, ॲलर्जी असेल. दुकानातून सिट्रिझिन येतं. त्याने झोप लागते, खाज फारशी हटत नाही, कारण ही खाज प्रामुख्याने हिस्टामिनमुळे येत नाही. डायलिसिस रुग्णांच्या ‘डॉप्स’ या आंतरराष्ट्रीय पाहणीत २००२-०३मध्ये ४२ टक्के रुग्णांना मध्यम ते तीव्र खाज होती. दहा-बारा वर्षांनी १७ देशांतल्या पाहणीत हे प्रमाण ३७ टक्के निघालं. त्याच पाहणीतल्या आणखी दोन गोष्टींकडे प्रत्येक डायलिसिस केंद्राने लक्ष द्यायला हवं. ६९ टक्के केंद्रप्रमुखांचा आपल्या केंद्रातल्या खाजेबद्दलचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी होता. आणि ज्यांना खाज जवळजवळ सतत छळत होती, त्यांतल्या १७ टक्के रुग्णांनी ती रुग्णालयात कुणालाच सांगितलेली नव्हती. कर्जतकडचा माणूस वेगळा कसा असेल? एवढ्या मोठ्या आजारात खाजेचं काय सांगायचं, असं वाटून तो गप्प बसतो. इकडे नखांनी कातडी सोलवटते, जखमेतून जंतू शिरतात, झोप उडते.

उपाय आहेत आणि त्यांना क्रमही आहे. डायलिसिस पुरेसं होतं का, रक्तातलं फॉस्फरस आणि पॅराथायरॉइड संप्रेरक वाढलेलं आहे का, हे आधी तपासतात. त्याच वेळी कातडीला रोज दोनदा ओलावा धरून ठेवणारं काही लावायचं. ग्लिसरीन आणि पॅराफिन असलेली साधी मलमं उत्तम. खोबरेल तेलालाही अभ्यासाचा आधार आहे: कोरड्या कातडीवर ते खनिज तेलाइतकंच उपयोगी ठरल्याचं २००४ साली फिलिपिन्समधल्या एका चाचणीत दिसलं. अंघोळीनंतर अंग पुरतं सुकण्याआधी, ओलसर असतानाच ते लावलं तर जास्त टिकतं. पाणी कोमट हवं. पावसाळ्यात कढत पाण्याच्या बादलीचा मोह होतो, पण उरलासुरला तेलकटपणाही त्यात धुऊन जातो. एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर गॅबापेंटिनची अगदी कमी मात्रा देतात. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर जातं, म्हणून इथे ते शरीरात साचतं आणि गुंगी येते. शेजाऱ्याच्या गोळ्या मागून घेण्याचं हे औषध नव्हे. तोल जाऊन पडलं तर नाजूक कातडी फाटते ती वेगळीच. अतिनील-ब किरणांचा उपचार १९७७पासून माहीत आहे. जपानमध्ये २००९ साली नाल्फुराफिन आणि अमेरिकेत २०२१ साली डिफेलिकेफॅलिन ही खास या खाजेवरची औषधं मान्य झाली.

फिस्टुलावरच्या कातडीची गोष्ट निराळी आहे आणि तिथे थोडं थांबायला हवं. सुई कुठे टोचायची याच्या पद्धती तीन. पहिलीत दर खेपेला जागा थोडी पुढे सरकवत शिरेची सगळी लांबी वापरतात. दुसरीत दोन ठरलेल्या ठिपक्यांभोवतीच पुन:पुन्हा टोचतात. तिसरीत अगदी त्याच छिद्रातून, त्याच कोनात सुई घालून वाट तयार करतात. हिला बटनहोल म्हणतात आणि ती १९७०च्या दशकात पोलंडमध्ये त्वार्दोव्स्की यांनी रूढ केली. तिला एकच सरावलेला हात लागतो आणि तिच्यात जंतुसंसर्गाचा धोका जास्त, म्हणून तंत्रज्ञ बदलत राहणाऱ्या केंद्रांत ती अवघडच जाते. सर्वांत वाईट दुसरी. त्या ठिकाणची कातडी पातळ होत जाते, शिरेची भिंत सैलावते आणि फुगवटा येतो.

तरीही हीच पद्धत सर्रास दिसते, आणि तिचा आग्रह पुष्कळदा रुग्णच धरतो. सारखं टोचून तिथली संवेदना बोथट झालेली असते, सुई दुखत नाही. तंत्रज्ञालाही ती जागा हमखास सापडते. दोघांची सोय होते आणि कातडीवरचा भार वाढत जातो. नव्या जागी सुई दुखते हे खरंच आहे. त्यावर तासभर आधी लावायचं बधिरतेचं मलम मिळतं. टोचण्याआधी ते धुऊन टाकायचं असतं. रुग्णाच्या फाइलमध्ये हाताचं साधं चित्र काढून प्रत्येक खेपेचा टोचा त्यावर नोंदवला, तर जागा खरोखर फिरते आहे की नाही ते कुणालाही दिसेल. या कामाला पेन पुरतो.

फुगवट्यावरची कातडी चकचकीत आणि इतकी ताणलेली दिसू लागली की चिमटीत धरता येत नाही, खपली पडूनही पुन्हा धरते किंवा मोठी होते, फुगवटा भराभर वाढतो, लाली किंवा पू दिसतो, तर पुढच्या पाळीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना हात दाखवायचा. अशी कातडी घरी, झोपेतसुद्धा फुटू शकते आणि धमनीच्या जोराचं रक्त काही मिनिटांत जीव घेऊ शकतं. तसं झालंच तर नेमक्या छिद्रावर बोटाने घट्ट दाबायचं, हात वर धरायचा, आडवं व्हायचं आणि कुणालातरी १०८ला फोन करायला सांगायचं. टॉवेलावर टॉवेल गुंडाळण्याची चूक हमखास होते. त्याने दाब पसरतो आणि रक्त आतल्या आत वाहत राहतं. हे घरातल्या सगळ्यांना, शाळकरी मुलांनासुद्धा, आधीच करून दाखवलेलं असावं. एरवीही सुई काढल्यावर दर खेपेला वीस मिनिटांहून जास्त वेळ रक्त थांबत नसेल, तर वर कुठेतरी शीर अरुंद झाल्याची ती खूण असू शकते.

चिकटपट्टीचा पेच याहून अवघड. पट्टी ओढली की नाजूक कातडीचा पापुद्रा तिच्याबरोबर निघून येतो, म्हणून रुग्ण म्हणतो, ‘जरा सैल लावा.’ पण सैल पट्टीतून सुई निसटली आणि पंप चालूच राहिला, तर ३०० मिलिलिटरच्या वेगाने पाच मिनिटांत दीड लिटर रक्त गादीत जाईल. यंत्राची धोक्याची घंटा दर वेळी वाजेलच असं नाही. म्हणून पट्टी घट्टच लागते. बदलायचा तो पट्टीचा प्रकार आणि काढण्याची रीत. कागदी किंवा सिलिकॉनची पट्टी कमी ओरबाडते. काढताना एका हाताने कातडी दाबून धरायची आणि दुसऱ्याने पट्टी कातडीलगत, केसांच्या दिशेने, सावकाश मागे गुंडाळत न्यायची. झटक्यात ओढली की कमी दुखतं हा समज या कातडीला महागात पडतो. पट्टीखाली दर खेपेला तांबडे चट्टे उठत असतील तर जंतुनाशक बदलून पाहायला सांगावं. यंत्रावर बसण्याआधी हात साबणाने धुवावा आणि त्या दिवशी फिस्टुलाच्या हाताला तेल किंवा ओलाव्याचं मलम लावू नये, नाहीतर पट्टी धरत नाही. पापुद्रा निघालाच तर तो कापून टाकू नये. सलाइनने धुऊन हलकेच जागेवर बसवावा आणि वर न चिकटणारी व्हॅसलिनची जाळी ठेवावी.

आता इथल्या पावसाकडे. घाटाच्या पायथ्याशी वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि जून-जुलैत लावणीसाठी चिखलात उभं राहावं लागतं. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. निरोगी माणसाला त्यांचं काही वाटत नाही. पण मूत्रपिंडं मधुमेहाने गेलेली असतील, तर त्या भेगेतून शिरलेला जंतू पाय गमावण्यापर्यंत नेऊ शकतो. साचलेल्या पाण्यातून लेप्टो पसरतो, तोही बहुधा खरचटलेल्या जागेतून शिरतो. डायलिसिसवरच्या माणसाने लावणीला उतरू नये हे सांगायला सोपं आहे; ज्याच्या घरात हातच कमी, त्याला ते परवडत नाही. मग निदान गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालावेत, घरी आल्यावर पाय धुऊन बेचके कोरडे पुसावेत आणि झोपण्याआधी तळवे दिव्याखाली पाहावेत. मानेत किंवा छातीत डायलिसिसची नळी (कॅथेटर) असेल तर पावसात भिजणं पूर्ण टाळावं. पट्टी ओली झाली तर ती केंद्रातच बदलून घ्यायची.

पावसाळ्यात नायटा येतो आणि त्याबरोबर दुकानातली ‘सगळ्यावर चालणारी’ ट्यूब. तिच्यात बहुधा तीव्र स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, काही आठवड्यांत कातडी कागदासारखी होते आणि नायटा पसरतो. देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी याविरुद्ध मोहीम चालवली आणि २०१८मध्ये अशी अनेक स्टिरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई झाली. ट्यूब मात्र आजही सहज हाती पडते. आधीच विरलेल्या कातडीवर ती चोळण्यासारखं नुकसान दुसरं नाही.

पाऊस आणखी एका वाटेने कातडीपर्यंत पोहोचतो. जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग दूर समुद्रकाठी, त्यामुळे मोठ्या उपचारासाठी इथली माणसं पनवेल, बदलापूर, कल्याणची वाट धरतात आणि सगळी भिस्त रेल्वे आणि रस्त्यावर राहते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, कर्जतचा मार्ग बंद झाला. अशा दिवशी डायलिसिसची पाळी चुकते. पोटॅशियम आणि फुप्फुसातलं पाणी हे जिवावरचे धोके आहेतच. त्याखेरीज खाज उसळते, पाय सुजतात, ताणलेली कातडी पाझरू लागते. मुसळधार पावसाचा इशारा असेल तर आदल्या दिवशीची पाळी मागून घेणं आणि पिण्याच्या पाण्याचं माप आणखी आवळणं हाच शहाणपणा. एरवीच्या दिवसांतही लोकलच्या गर्दीत फिस्टुलाचा हात आतल्या बाजूला ठेवावा, वरची कडी दुसऱ्या हाताने धरावी. त्या हातात काचेचा चुडा नको, घड्याळ नको, खांद्यावर पिशवीचा बंद नको. लग्नकार्यात हिरव्या बांगड्यांवरून घरात कुरबुर होते. एका हातातल्या बांगड्या पुरेत, हे घरातल्या वडीलधाऱ्या बाईने सांगितलं तर डॉक्टरच्या सांगण्यापेक्षा लवकर पटतं.

थंडीत शेकोटीपासून जरा लांब बसावं. मधुमेहाने पायांची जाणीव गेलेली असते, पोळल्याचं कळत नाही. उन्हाळ्यात काहींच्या हातांच्या पाठीवर उन्हाने पाण्याचे फोड येतात, फुटतात, व्रण सोडतात. लांब बाह्यांचा सुती सदरा हा त्यावरचा पहिला उपाय. आणि फोड आलेच तर घेत असलेल्या गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात, कारण लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइडही कधीकधी त्याला कारण होतं. मधोमध टणक खिळा असलेल्या, खाजणाऱ्या गाठी येतात. त्या खाजवून वाढतात. क्वचित, पण फार गंभीर, म्हणजे मांडीवर किंवा पोटावर जाळीदार जांभळे डाग येऊन असह्य दुखणं आणि मग काळी पडणारी जखम. तिला कॅल्सिफायलॅक्सिस म्हणतात, आणि तिच्यात वर्षभरात साधारण निम्मे रुग्ण दगावतात. तिथे एक दिवसही घालवू नये.

कातडीचा माल ताटातून येतो, आणि इथे एक घोटाळा घरोघरी दिसतो. डायलिसिस सुरू होण्याआधी डॉक्टरांनी प्रथिनं कमी करायला सांगितलेली असतात. ते पथ्य पुढेही तसंच चालू राहतं, पण डायलिसिस सुरू झाल्यावर गरज उलटी वाढते: किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम. पन्नास किलोच्या माणसाला ५० ते ६० ग्रॅम प्रथिनं हवीत. अंड्याचा पांढरा बलक, ताजी मासळी, कोंबडी यांतून ती मिळू शकतात. सुकट, बोंबील, जवळा यांत मीठ भरपूर आणि फॉस्फरसही. पावसाळ्यात तेच परवडतं, म्हणून किती आणि किती वेळा हे आहारतज्ज्ञाशी मोकळेपणाने ठरवावं. फॉस्फरस बांधणारी गोळी जेवतानाच घ्यायची. तासाभराने घेतलेली वाया जाते. क जीवनसत्त्व यंत्रात धुऊन जातं आणि पोटॅशियमच्या भीतीने फळंही बंद झालेली असतात. त्याची उणीव पडली की जखमा भरत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतं. थोड्या मात्रेची गोळी पुरते. जास्त घेतलं तर ऑक्झलेट साचतं.

डोंगरातल्या वाड्यांसाठी पोटाचं डायलिसिस हा पर्याय अधिक गंभीरपणे मांडला जायला हवा. २०१९पासून राष्ट्रीय कार्यक्रमात त्याची सोय आहे, आणि त्यात सुया नाहीत. पण नळी पोटावर जिथून बाहेर येते ती जागा रोज स्वच्छ आणि कोरडी ठेवावी लागते, सांगितलेलं प्रतिजैविक मलम लावावं लागतं, ओढ्याविहिरीत उतरायचं नसतं. आशाताई पंधरा दिवसांनी ती जागा पाहून गेल्या तर बरंच साधेल.

मशीनवरच्या चार तासांचा हिशेब योजनेत बसतो. घरी लावायचं पॅराफिनचं मलम आणि सिलिकॉनची पट्टी बहुधा रुग्णाच्या खिशातून येते, म्हणून सगळ्यात आधी तीच बंद होते. डायलिसिसच्या दरात या दोन वस्तू धराव्यात, ही मागणी रास्त आहे. महिन्यातून एकदा सदरा काढून पाठ, पाय, तळवे पाहणं आणि खाजेला शून्य ते दहा गुण विचारणं याला पाच मिनिटं लागतात. ती नोंद वजनाच्या रकान्याशेजारी राहावी.

ज्यांना मूत्रपिंड मिळतं, त्यांची खाज बहुतेक वेळा काही आठवड्यांत ओसरते. पण शरीराने अवयव नाकारू नये म्हणून प्रेडनिसोलोन सुरू होतं. त्याने कातडी पुन्हा पातळ होते, चामखीळ आणि बुरशी सहज धरते. फिस्टुलाही बहुतेकदा तसाच हातात राहतो, थरथरत. मूत्रपिंड बसवून घरी आलेल्या माणसानेही तो हात रोज पाहायचा असतो आणि त्या हातावर रक्तदाब मोजू द्यायचा नसतो.